पेडलला दिलेली उचल

जानेवारीतली संध्याकाळ, धारूरचा घाट आणि पुढं उसानं भरलेला ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टरवर लावलेलं गाणं असं, की काच वर केली तरी ठेका सीटला कळावा. माजलगावहून केजला परत येताना तेलगाव सोडलं की हा घाट लागतो. रस्ता अरुंद, एका बाजूला दरी, आणि उसाचा हंगाम असला की ट्रॅक्टर, ट्रक आणि आपण, सगळ्यांची मिळून एकच दिंडी.

मधेच एक सरळ तुकडा येतो. समोर कुणी नाही असं बघून मी पाय दाबला. गाडी थांबली असं म्हणता येणार नाही, पण निघालीही नाही. दुपारी कचेरीत अर्ज पुढं सरकवल्यावर समोरचे साहेब आधी चष्मा शोधतात, तसं काहीतरी तिनं केलं. चष्मा सापडेपर्यंत वळणावर ट्रकचे दिवे दिसले आणि मी मुकाट्यानं पुन्हा उसाच्या मागं.

घरी येऊन हे सगळं मेहुण्याला फोनवर सांगितलं. तो छत्रपती संभाजीनगरला असतो, शेंद्र्याच्या एमआयडीसीत कामाला. २००१ साली तिथं स्कोडाच्या गाड्या जोडायला लागले, तेव्हापासून त्या भागातल्या चहाच्या टपरीवर टॉर्कबद्दल बोलणारा एक तरी माणूस सापडतोच. शहरही तसं हौशी. औरंगाबाद नाव होतं तेव्हा, २०१० साली, इथल्या लोकांनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. अशा गावातला मेहुणा सल्ला द्यायला कशाला मागं राहील?

"दाजी, गाडीत दम आहे हो. पेडलला झोप लागलीय," तो म्हणाला. "एक डबा मिळतो. लावून बघा."

डबा म्हणजे थ्रॉटल कंट्रोलर. कुणी पेडल बॉक्स म्हणतं, कुणी थ्रॉटल बूस्टर. आगपेटीहून जरा मोठा, दोन बाजूंना दोन कनेक्टर आणि मोड बदलायला एक छोटं बटण. पेडलची वायर काढायची, मधे हा बसवायचा. किंमत ऐकून बायको म्हणाली, "एवढ्यात चार टायरचं निम्मं काम झालं असतं." तिचं बरोबर होतं. मी डबा मागवला.

आता हा डबा करतो काय ते सांगायचं, तर आधी काकांच्या जीपकडं जावं लागेल. माझे चुलते केज-धारूर रस्त्यावर काळीपिवळी चालवायचे. नऊ सीटच्या जीपमध्ये सोळा माणसं, दोन दुधाचे कॅन आणि एखादं करडू. त्या जीपच्या एक्सलेटरला पेडलपासून इंजिनापर्यंत सरळ तारेची केबल होती. केबल जुनी झाली की सैल पडायची, मग पेडल दोन बोटं दाबलं तरी इंजिनाला पत्ता नसायचा. त्याला काका म्हणायचे 'झोल'. दहा नंबरचा पाना घेऊन नट दोन आटे फिरवला की झोल गेला. पेडल परत वर यावं म्हणून त्यांनी ट्यूबची कापलेली पट्टी बांधलेली. माणूस, तार, पंप, इंजिन. मधे कुणाचा सल्ला नाही.

माझ्या गाडीत ती तारच नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बीएमडब्ल्यूच्या महागड्या सेव्हन सिरीजमध्ये तारेऐवजी विजेवर चालणारं थ्रॉटल आलं. आज केजच्या बसस्टँडसमोर उभ्या असलेल्या साध्यातल्या साध्या नव्या कारमध्येही तेच आहे. पेडलच्या बुडाशी दोन सेन्सर असतात. पाय किती खाली गेला ते दोघंही व्होल्टेजच्या भाषेत संगणकाला, म्हणजे ईसीयूला, कळवतात. एक पुरला असता, पण सातबारा आणि फेरफार जसे ताडून बघतात तसं इथंही आहे. बऱ्याच गाड्यांत पहिला जितके व्होल्ट सांगतो त्याच्या निम्मे दुसऱ्यानं सांगायचे. हिशेब जुळला तरच पुढची कारवाई.

आणि ईसीयू सांगितलं तेवढं लगेच करत नाही. पेडल वीस टक्के दाबलं म्हणजे वीस टक्के ताकद, असं कोष्टक नसतंच. कंपनीनं सुरुवातीचा भाग मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. गर्दीत गाडी झटके देऊ नये, क्लच सोडताना नवख्याची फजिती होऊ नये, गिअरबॉक्सला आणि ॲक्सलला एकदम हिसका बसू नये, धूर नियमात राहावा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हापासून धुराचा हिशेब आणखी कडक झाला. शिवाय माझी गाडी डिझेल टर्बो, दीड लिटरची. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुरावर फिरून आत जादा हवा कोंबणारा पंखा. इंजिन मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या खाली असेल तर टर्बो फिरवायला पुरेसा धूरच नसतो. टर्बो फिरत नाही म्हणून हवा कमी, हवा कमी म्हणून ईसीयू डिझेलही हात राखून सोडतो. पाय कितीही दाबा. घाटात माझ्या गाडीनं चष्मा शोधला तो दोन ठिकाणी: थोडा पेडलच्या कोष्टकात आणि बराचसा टर्बोत. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर पैसे वाचले असते, पण मग हा लेखही नसता.

डबा पेडल आणि ईसीयू यांच्या मधे बसतो आणि ईसीयूला फुगवून सांगतो. मी पाय पंचवीस टक्के दाबला की हा कळवणार, साहेब पन्नास टक्के दाबलाय. मी पन्नास दाबला की हा सांगणार ऐंशी. दोन्ही सेन्सरचं खोटं तो ठरलेल्या प्रमाणातच बोलतो, म्हणून पडताळणीत पकडला जात नाही. शंभर दाबलं की मात्र शंभरच, कारण त्याच्यापुढं बोलायला काही उरत नाही.

बसवायला पंधरा मिनिटं लागतात म्हणे. मला दीड तास लागला. किल्ली काढून, दार बंद करून, ईसीयू झोपी जाईपर्यंत थांबायचं, मग स्टिअरिंगखाली डोकं घालून कनेक्टरची लाल कडी मागं ओढायची. माझं वय पन्नासला टेकलेलं आणि पोट त्याच्याही पुढं. शेवटी कोपऱ्यावरच्या मिस्तरींना बोलावलं. त्यांनी डबा हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि विचारलं, "मालक, यानं गाडीला उचल येती व्हय?"

उचल. आमच्याकडं गाडीच्या पिकअपला उचल म्हणतात. आणि उचल म्हणजे ऊसतोडीला जाण्याआधी मुकादम कोयत्याला देतो ती आगाऊ रक्कमही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमाराला हा शब्द जितका ऐकू येतो तितका दुसरा कुठलाच येत नसेल. मिस्तरींना पहिला अर्थ म्हणायचा होता. पण पुढचे सहा महिने माझ्या डोक्यात दुसराच फिरत राहिला.

पहिला दिवस मात्र झकास गेला. स्पोर्ट मोड लावला आणि केजच्या चौकातून गाडी अशी निघाली, की पानटपरीवरच्या दोघांनी मान वळवली. पायाच्या अंगठ्यावर गाडी चालल्यासारखं वाटलं. तोच रस्ता, तेच इंजिन, पण पाच वर्षांनी लहान. मेहुण्याला फोन केला, तो हसला. "सांगितलं होतं का नाही?" आठवडाभर मी कारण नसताना दूध आणायला गाडी काढत होतो.

या आनंदाला मी खोटं म्हणणार नाही. पेडल दाबल्याबरोबर उत्तर मिळणं ही चैन नाही, गरज आहे. बाजूच्या रस्त्यावरून हायवेला लागताना, बैलगाडीला ओलांडताना, चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी आपलं ऐकतेय, हा भरवसा लागतो. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत, उजव्या गुडघ्याचं दुखणं. पेडल कमी दाबावं लागतं म्हणून त्यांना असा डबा खरोखर मानवला. मेहुण्याची गाडी ऑटोमॅटिक. तिथं तर फरक माझ्यापेक्षा जास्त, कारण कोणता गिअर टाकायचा हे गिअरबॉक्स पेडलचा आकडा बघूनच ठरवतो. आकडा फुगला की तो लगेच खालचा गिअर टाकतो आणि गाडी खरंच लवकर उसळते. इंजिन उगाच गुरगुरतं, डिझेल जातं, पण उसळते. आणखी एक, डबा काढला की गाडी होती तशी. ईसीयूच्या पोटात शिरून आतलं कोष्टकच बदलणं, ज्याला रिमॅप म्हणतात, त्यात ताकद खरोखर वाढते. पण ते काम या डब्याच्या दहापट धाडसाचं. इंजिन, क्लच, टर्बो सगळ्यांवर ताण येतो. डब्यात तसलं काही नाही.

पण मग दुसरा आठवडा आला.

पंचवीसला पन्नास मिळाले होते, पन्नासला ऐंशी. म्हणजे पेडलच्या उरलेल्या निम्म्या प्रवासात माझ्या वाट्याला फक्त वीस टक्के राहिले. घाटात ओलांडताना पाय अर्ध्याच्या पुढं नेला आणि काहीच झालं नाही. जे मिळायचं होतं ते आधीच घेऊन झालेलं. उचल घेतलेल्या माणसानं हंगामाच्या शेवटी मुकादमाकडं हिशेब मागावा आणि त्यानं वही उघडून दाखवावी, तसं. खऱ्या उचलीत माणसाचं अख्खं घर बांधलं जातं, पोरांची शाळा सुटते. ती चेष्टेची गोष्ट नाही आणि माझ्या बारा हजारांच्या हौसेशी तिची बरोबरी करणं मला शोभत नाही. फक्त गणित तेच आहे. एकूण रक्कम तेवढीच, हातात लवकर येते एवढंच.

त्यात धारूरचा घाट. तोच सरळ तुकडा, तसाच ट्रॅक्टर. इंजिन तेराशे फेऱ्यांवर, चौथा गिअर. दाबलं. डब्यानं तत्परतेनं ऐंशी टक्के कळवले. ईसीयूनं ऐकून घेतलं आणि टर्बो जागा व्हायची वाट बघत बसला. साहेबांपुढं अर्ज लाल शाईत लिहून नेला म्हणून चष्मा लवकर सापडत नाही.

मग अ‍ॅव्हरेज. आधी गाडी साडेअठरा द्यायची, पहिल्या महिन्यात साडेसोळावर आली. डबा डिझेल पीत नाही, पितो तो पाय. हलक्या दाबाला गाडी पळते म्हटल्यावर पाय दाबायचं थांबत नाही. दोनेक महिन्यांनी पायाला सवय झाली, तो आपोआप कमी दाबू लागला आणि अ‍ॅव्हरेज सतराच्या वर गेलं. पण पाय कमी दाबू लागला म्हणजे गाडी पुन्हा पहिल्यासारखीच वाटायला लागली की! तेव्हा मी स्पोर्टच्या वरचा मोड लावून बघितला. दारूचं जसं असतं, तसंच बटणाचंही असतं.

सगळ्यात जास्त हाल खड्ड्यांनी केले, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या रस्त्यावर पाय पेडलवर स्थिर राहतच नाही. गाडी उसळली की टाच उचलते, बोटं दाबली जातात. कंपनीनं सुरुवातीचा भाग मऊ ठेवला त्यात हेही सांभाळलेलं असतं. पाय चार मिलिमीटर हलला तर गाडीनं मनावर घेऊ नये. डब्यानं ते चार मिलिमीटर दुप्पट करून कळवले. धारूरच्या अलीकडं रस्त्याचं काम चाललेलं, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी मागंपुढं अशी डुलायला लागली, की आई मागच्या सीटवरून म्हणाली, "अरे, बैल नवा आहे का?" पहिल्या पावसात चौकात निघताना टायर फिरले ते वेगळंच.

बायकोची भीती निराळी होती. तिनं कुठंतरी वाचलं होतं, पेडल अडकून गाड्या धावत सुटतात. ते अगदीच पोकळ नाही. २००९-१० मध्ये टोयोटानं याच कारणासाठी लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या. अमेरिकन सरकारनं नासाच्या इंजिनिअरांना तपासाला बसवलं. २०११ मध्ये अहवाल आला, त्यांना इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये असा दोष सापडला नाही. सापडलं ते जुन्या काळातलंच: पेडलखाली सरकलेली मॅट आणि चिकटणारं पेडल. हे मी तिला मोठ्या ऐटीत समजावलं आणि दुसऱ्याच दिवशी खाली वाकून बघितलं, तर डब्याची मोकळी वायर पेडलच्या मागं लोंबत होती. मिस्तरींनी टाय लावला नव्हता आणि मी तपासलं नव्हतं. नासाच्या अहवालाचं मग मी पुन्हा नाव काढलं नाही. एक रुपयाचा प्लास्टिकचा टाय आणून वायर वर बांधली.

एप्रिलमध्ये, गेवराईच्या पुढं, कनेक्टर थोडा सैल झाला असावा. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडी मवाळ झाली. पाय जमिनीला टेकवला तरी चाळीसच्या पुढं जाईना. दोन सेन्सरचा हिशेब जुळला नाही की ईसीयू असं करतो. गाडी बंद पाडत नाही, घरी जाण्यापुरतं देतो. बेचाळीस अंशाच्या उन्हात हायवेच्या कडेला डबा काढला, मूळ वायर जोडली, गाडी बंद करून चालू केली. गाडी पळाली, दिवा मात्र राहिला. तो घालवायला सर्व्हिसिंगला नेली, तर तिथल्या मुलानं नम्रपणे सांगितलं, "काका, वॉरंटीत असेपर्यंत असलं काही लावून आणू नका. पेडलचं, वायरिंगचं काही निघालं तर आमच्याकडून होणार नाही." त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

समृद्धीवर तर गंमतच झाली. जालन्याहून नागपूरला निघालो होतो. रस्ता असा, की स्टिअरिंगला काम नाही. शंभरवर क्रूझ लावला, म्हणजे वेग गाडीच धरून ठेवणार, आणि पाय मागं घेतला. तासाभरानं लक्षात आलं, की डबा बेकार बसलाय. क्रूझची मागणी ईसीयूच्या आतच तयार होते, पेडलच्या वायरीतून येत नाही. बटणावर स्पोर्टचा लाल दिवा दिमाखात लागलेला आणि खाली काम शून्य. अशी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली आहेत.

डब्याचा खरा उपयोग झाला तो उलट्या बाजूनं. मुलगी अठराची झाली, लायसन काढायचं होतं. डब्यात इको मोड असतो, तो फुगवून सांगण्याऐवजी कमी करून सांगतो. पन्नास दाबलं तर तीस. बाजार समितीच्या मोकळ्या मैदानावर तिला इकोवर शिकवलं. क्लच सोडताना पाय धसकन पडला तरी गाडी बेडकासारखी उडाली नाही. विकणारे सगळे स्पोर्टची जाहिरात करतात, पण मला विचाराल तर पैसे इथं वसूल झाले. फक्त एक, तिला लायसन मिळाल्यावर मोड शून्यावर, म्हणजे डबा असून नसल्यासारखा, आणून पुन्हा तीन-चार दिवस मैदानात फिरवावं लागलं. तिच्या पायाला इकोचंच माप बसलं होतं.

आणि घाटाचं काय? ते उत्तर काकांकडं होतं. आता ते थकलेत, काळीपिवळी कधीच विकली. दिवाळीत त्यांना गाडीत घेऊन घाटानं चाललो होतो. पुढं तेच. मी चौथ्यात, डबा माझ्या समजुतीनं स्पोर्टवर, दाबतोय. काकांनी थोडा वेळ ऐकलं. गाडी ते कानानंच बघतात.

"रडवायला का तिला?" ते म्हणाले. "सरळ यायच्या आधीच खालचा टाक. मग रेस दे."

सरळ तुकड्याच्या आधी, वळणातच, तिसरा टाकला. फेऱ्या दोन हजारांच्या वर गेल्या. रस्ता मोकळा दिसला तेव्हा टर्बो आधीच जागा होता. ट्रॅक्टर, दोन्ही ट्रॉल्या, गाणं, सगळं मागं राहिलं. डबा कोणत्या मोडवर होता ते नंतर बघितलं. आई बसणार म्हणून बायकोनं निघतानाच तो शून्यावर करून ठेवला होता.

डिसेंबरात तेलगावचा एक जण डबा विकत घ्यायला आला. त्याची गाडी माझ्याच मॉडेलची. दुसऱ्या गाडीला याचा कनेक्टर बसतच नाही. मी त्याला सगळं सांगितलं. ताकद वाढत नाही, खड्ड्यात गाडी डुलते, वॉरंटीवाले कुरकुरतात, वायर बांधून घ्या, घाटात आधी गिअर बदला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, स्पोर्टवर एक चक्कर मारून आला, आणि चेहऱ्यावर माझाच पहिला आठवडा घेऊन खाली उतरला. सहा हजारांत ठरलं. तीन हजार रोख दिले. बाकीचे उसाचं बिल आलं की देतो म्हणाला.

बिल अजून आलेलं नाही.